डोहाळ्याचं पिच्चर

माझ्या मैनाला सातव्या महिन्यात डोहाळे लागले ते खुनाच्या पिच्चरचे. दुसऱ्यांच्या पोरींना चिंच लागते, भाजकी माती लागते, आमच्या शेजारच्या सोमीला सुकट लागली होती. आमच्या पोरीला खून. माझीच लेक ती, तिला साधं काही आवडेलच कसं?

तिची सासू चंद्राबाई, म्हणजे माझी विहीण, भिवपुरीच्या पॉवर हौसच्या चाळीत राहते. जावई येसाजी तिथंच कामाला. चंद्राबाईनं म्हणे डोक्याला हात लावला. पोटातलं लेकरू काय शिकेल, म्हणाली. मी निरोप धाडला, आमच्यात डोहाळा मोडत नाहीत, तुमच्यात मोडत असतील तर तसं कळवा. झालं. रविवारी दुपारच्या खेळाला विहीणबाई स्वतः सुनेला घेऊन गाडीनं खोपोलीत हजर. मी खालापूरकडून एष्टीनं आले.

मला पिच्चरचं काही नव्हतं. मला दुसरंच काम उरकायचं होतं. मैनाचं पहिलं बाळंतपण माझ्या घरी व्हायचं, ही गोष्ट मला विहिणीकडून वदवून घ्यायची होती. पहिलं बाळंतपण माहेरी, हे का कुणाला शिकवायला लागतं? पण चंद्राबाईचं एकच पालुपद. पॉवर हौसचा दवाखाना चाळीपासून हाकेवर आहे, तिथं नर्स आहे, तिथंच होऊ दे.

थेटराच्या दारातच आमची जुंपली.

"आमच्या गौराबाई सुइणीनं सगळा गाव हातावर झेललाय," मी म्हटलं. "माझी मैना तिनंच काढली."

"मैना काढली, खरं हाय," चंद्राबाई म्हणाली, आणि पुढचं गिळलं.

काय गिळलं ते मला कळलं. मैनाच्या आधीची माझी दोन हाताला लागली नव्हती. तिनं ते तोंडावाटे काढलं असतं तर मी तिथंच तिच्या झिंज्या धरल्या असत्या. नाही काढलं, म्हणून जास्त झोंबलं.

"तुमी दोघी अशाच बोलत राहिलात ना," मैना म्हणाली, "तर मीच एक खून करीन. असं करा. आत जी कोन खुनी आधी ओळखील, तिचं ऐकायचं. माझं बाळंतपण तिथं."

"असं कुटं ठरवत्यात गं?" चंद्राबाई म्हणाली.

"का, हरायची भीती वाटते?" मी म्हटलं. ती तरातरा आत शिरली.

बाकडी होती. मैनाला मध्ये घेतलं, एका बाजूला मी, दुसऱ्या बाजूला विहीण. पोरीला सरळ बसवेना, म्हणून ती आडवी वळून माझ्या खांद्यावर रेलली.

पिच्चर सुरू झालं. धुक्यातला मोठा बंगला. म्हातारा शेट जिन्याखाली मरून पडलेला. मला वाटलं, आता पळापळ होईल, मारामाऱ्या होतील. कसलं काय! एक इन्स्पेक्टर आला, टक्कल पडलेला, पोट सुटलेला, आपल्या तलाठ्यासारखा. तो आला आणि खुर्चीवर बसला. चहा प्याला. कप खाली ठेवला. मग त्या कपाकडेच बघत राहिला. त्या बंगल्यात घड्याळ टिकटिक करत होतं तेवढंच. लोक वैतागले. मागून एकजण ओरडला, "अरं, म्हातारा उठून सांगंल आता!" सगळं थेटर हसलं. दोन बाकडी तर उठून बाहेर गेली.

मलाही आधी राग आला. पण बसून बसून मला त्याची गोडी लागली. आमच्याकडे थंडीत वालाच्या शेंगांची पोपटी लावतात. मडकं पालथं घालतात, भोवती जाळ करतात. मडक्यात काय चाललंय ते दिसत नाही. उघडून बघता येत नाही. बसायचं, जाळाकडे बघायचं, वास येतोय का बघायचं. घाईनं उघडलं की शेंग कच्ची. हे पिच्चर तसंच होतं. तो टकल्या एकेकाला बोलावी, एकच गोष्ट तीनदा विचारी, आणि चौथ्या वेळी काहीच न विचारता नुसता बसे. समोरचं माणूस मग आपोआप हात चोळायला लागे, पदर सारखा करी. पिच्चरला घाई नव्हती, म्हणून मला माणसं दिसायला लागली. कोण कुणाच्या ताटात वाढतंय, कोण हसताना डोळे हलवत नाही. मी जन्मभर सुना-भावजयांत हेच केलंय. मला कुणी पिच्चरमध्ये घेतलं नाही एवढंच.

मध्यंतरात दिवे लागले. मैनाला वडा दिला.

"सांगा आता," ती म्हणाली.

"धाकला भाऊ," मी म्हटलं. "सारखा तावातावानं बोलतोय. शेटशी भांडलेला."

"ती शेटची बायको," चंद्राबाई म्हणाली. "कशी फाडफाड बोलते इन्स्पेक्टरला. तिच्या जिभेला हाडच नाय."

"जिभेवरनं खुनी ठरवायचा तर विहीणबाई, तुमाला केव्हाच नेलं असतं."

"अन् तुमाला माझ्या आधी!"

मैनाला हसताना ठसका लागला. आम्ही दोघींनी एकदमच तिच्या पाठीवर थापटलं, आणि एकदमच हात मागं घेतले.

दिवे गेले. आता तर पिच्चर आणखीनच संथ झालं. इन्स्पेक्टर जिन्याच्या तळाशी उभा राहिला आणि वर बघत राहिला. एक पायरी चढला. थांबला. पुढची चढला. थांबला. कुणी बोलेना, कुणी गाईना. डोळे इतके तापले होते बघून बघून, की पडद्यावर काही घडत नाही म्हटल्यावर ते आपोआप इकडंतिकडं फिरले. आणि बाजूला गेले.

मैनाचं डोकं माझ्या खांद्यावर होतं. पण तिचे पाय विहिणीच्या मांडीवर होते. दिवे असताना नव्हते. सुजलेले, वरवंट्यासारखे पाय. चंद्राबाईचे डोळे पडद्यावर आणि हात त्या पायांवर. घोट्यापासून बोटांपर्यंत, हलक्या हातानं, दाबत होती. सासू सुनेचे पाय दाबत होती. आमच्याकडे सून दाबते सासूचे, उलटं मी या वयापर्यंत ऐकलेलं नाही. आणि हात असा फिरत होता की त्याला सवय आहे, आज पहिल्यांदा नाही. कुठं दुखतं हे त्या बोटांना विचारावं लागत नव्हतं.

मी पडद्याकडे तोंड केलं. इन्स्पेक्टर अजून जिन्यावरच. मी पुन्हा बघितलं. चंद्राबाईनं पदराच्या टोकाची गाठ एका हातानं आणि दातांनी सोडली, आवळा सुपारीचा तुकडा काढला आणि मैनाच्या तोंडात दिला. मैनानं न बघता तोंड उघडलं. माझ्याकडे होती तेव्हा ही पोरगी कुणाच्या हातचं असं न बघता खात नसे.

मला मत्सर वाटला. मी खोटं कशाला बोलू? मत्सरच होता आधी. मग तो हळूहळू निवला, कारण पिच्चरनं मला भरपूर वेळ दिला. मारामारी असती तर मला हे दिसलंच नसतं. मला माझी पहिली दोन आठवली. गौराबाईचे हात चांगले होते, पण त्या दोन्ही वेळी ती दाराबाहेर येऊन नुसती उभी राहिली होती. हाकेवर ना नर्स होती, ना डॉक्टर. विहीण मगाशी ते गिळून बसली, मला टोचायला नव्हे. तिला भीती होती. माझ्यापेक्षा जास्त नसेल, पण तेवढीच.

खुनी निघाली त्या घरातली गोड बोलणारी म्हातारी आत्या. सगळ्यांना दूध आणून देणारी, कुणाला कधी वर तोंड करून न बोललेली. थेटर एकदम "आँ" म्हणालं. भाऊ नाही, बायको नाही. आम्ही दोघी पडलो.

बाहेर ऊन उतरलं होतं. मैना आमच्यामधून चालत म्हणाली, "दोघी हरल्यात. आता माझं बाळंतपण काय फलाटावर करायचं?"

"भिवपुरीला," मी म्हटलं.

चंद्राबाई थांबली. "काय म्हनलात?"

"ऐकू येत नाय का? दवाखान्यात. तुमच्याकडं."

"अन् तुमी?"

"मीबी येनार. आठव्यातच येते, बाळ हातात घेतल्यावरच परत जाईन."

विहिणीच्या तोंडावर आनंद आला आणि लगेच अडचणही आली. कारण आमच्यात लेकीला लेकरू झाल्याशिवाय आईबाप तिच्या घरचं पाणीसुद्धा पीत नाहीत. मी आजवर तिच्या चाळीत गेले की कोरड्या घशानं परत आले होते. दोन महिने तशी राहिले असते तर मीच खाटेवर गेले असते.

"माझं तांदूळ आनीन," मी म्हटलं. "माझी चूल, माझं मडकं. पानी नळावरचं मीच भरीन. सरकारी नळ, तुमचा नाय."

"अहो, लोक हसतील चाळीत!"

"हसू देत. तुमी आत स्टोवर शिजवा, मी व्हरांड्यात शिजवते."

"धूर आत येईल."

"तुमाला सोसायला लागंल. सुनेसाठी तुमी काय काय करता ते मला म्हाईत हाय."

तिनं चटकन माझ्याकडे बघितलं. मी पायांचं नाव घेतलं नाही. पण ती कानाच्या पाळीपर्यंत लाल झाली.

मी बोलले तसंच केलं. व्हरांड्यात चूल मांडली, धूर केला, चाळ हसली. चंद्राबाई रोज माझ्या भातात मीठ कमी आहे म्हणायची, तो न चाखताच. मैनाला दवाखान्यात नेलं तेव्हा बाळ आडवं होतं. नर्सनं डॉक्टरला बोलावलं, आम्ही दोघी बाहेरच्या बाकड्यावर बसलो. एकमेकींचा हात कधी धरला ते आठवत नाही. सुटला तो बाळाचा आवाज ऐकून. मुलगी. मैना धडधाकट.

चंद्राबाई घरी धावत गेली आणि पाण्याचा तांब्या घेऊन आली. माझ्यापुढं धरला. मी उभ्यानंच गटागटा प्याले.

"कसं हाय आमचं पानी?" तिनं विचारलं.

"पचपचीत," मी म्हटलं, आणि आणखी एक तांब्या मागितला.