फटींवरच्या पट्ट्या

माझी मुलगी बहिणीकडे राहत होती, कारण माझ्या घरात झुरळं राहत होती. उन्हं तापायला लागली तशी झुरळं बाहेर पडली आणि लेकीचा दमा उसळला. डॉक्टरीणबाईंनी स्पष्ट सांगितलं, झुरळं हटवा, पण फवारा मारू नका, तोही तिला सोसणार नाही. लेक घराबाहेर आणि झुरळं घरात! मी कंबर कसली.

घट्ट झाकणांचे डबे आणले. मोरीच्या तोंडाला बारीक जाळी बसवली. नळवाला रोज ‘उद्या येतो’ म्हणायचा. मी त्याच्या दुकानात जाऊन ठाण मांडलं, तेव्हा कुठे गळका नळ दुरुस्त झाला. झोपण्याआधी सिंक फडक्याने कोरडं करायचं, हा नियम.

“आता पाणी प्यायलासुद्धा तुझी परवानगी लागणार,” नवरा म्हणाला.

“लागेल,” मी म्हटलं.

राहिल्या भिंतींच्या फटी. “त्या माझ्यावर सोड,” सासरे म्हणाले. त्यांनी जन्मभर पुस्तकं बांधली, अजूनही घरी बांधतात. त्यांनी जाड कागदाच्या पट्ट्या कापल्या, खळ लावली आणि ओट्यामागची, कपाटाखालची, चौकटीजवळची एकेक फट बुजवली. वरून बोट फिरवलं तरी कड लागू नये, असं काम. नातीसाठी म्हातारा माणूस गुडघ्यांवर रांगला होता. मी तोंडभरून कौतुक केलं.

पुढच्याच आठवड्यात झुरळं वाढली.

मला काही कळेना. कुठे सांडलेलं नाही, कुठे ओल नाही, मग ही खातात तरी काय? शेवटी टॉर्च घेऊन ओट्याखाली आडवी झाले. पट्ट्यांच्या कडा कुरतडलेल्या होत्या. खळ कणकेची असते! आम्ही डबे बंद केले आणि भिंतीभर जेवण वाढून ठेवलं.

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. “बाबा, इकडे या आधी!”

ते वाकले आणि त्यांनी कुरतडलेल्या कडेवरून बोट फिरवलं.

“आम्ही खळीत मोरचूद घालतो,” मग ते हळूच म्हणाले. “कीड लागत नाही. पण ते विष असतं. पोर घरी येणार, इथेतिथे हात लावणार, म्हणून या वेळी घातलं नाही.”

आता ओरडू तरी कुणावर?

“उठा,” मी म्हटलं. “मी गरम पाणी आणते.”

दोघांनी मिळून सगळ्या पट्ट्या खरवडल्या, भिंती धुतल्या, फटींत पांढरं सिमेंट भरलं. बाबांनी स्वतःहून खळीचं भांडं झाकणाच्या डब्यात ठेवायला सुरुवात केली. मी कोपऱ्याकोपऱ्यात चिकट सापळे लावले. त्यांत एक जरी झुरळ सापडत होतं, तोवर बहिणीला फोन केला नाही. सापळे रिकामे निघायला लागले, तरी आणखी काही दिवस थांबले. मग जाऊन लेकीला घेऊन आले.

दुसऱ्या दिवशी सकाळी बाबा तिच्या अंथरुणाशी बसलेले दिसले. तिच्या पाठीला कान लावून.

“आजोबा, काय ऐकताय?” तिनं झोपेतच विचारलं.

“घरघर ऐकतोय.”

“मग?”

“नाही गं येत ऐकू,” ते म्हणाले आणि कान तसाच लावून रडायला लागले.