पौर्णिमेचे चौकोन

मोलगीच्या डोंगरावरच्या दुर्बिणीचं वेळापत्रक कामरान एकटाच सांभाळायचा. कॉम्प्युटरवर महिना उघडला की प्रत्येक रात्रीचा चौकोन कुणा ना कुणा संशोधकाच्या नावानं भरलेला दिसे. पौर्णिमा तेवढी कुणी मागत नसे. लख्ख चांदण्यात अंधुक तारे कुठले दिसायला! ते चौकोन त्यानं वर्षभरासाठी अडवून ठेवले होते: ‘अम्मीकडे, नंदुरबार.’

अम्मी गेली. तिचा चाळिसावा आटोपून तो वर आला आणि दुपारीच या महिन्याचा चौकोन खोडायला बसला. कॉम्प्युटरनं विचारलं, ‘फक्त हीच नोंद, की पुढच्याही सगळ्या?’

“तुले काय करनं शे?” तो खेकसला.

मग त्यानं ‘फक्त हीच’ दाबलं. पुढच्या पौर्णिमेला कॉम्प्युटर पुन्हा विचारेल. या डोंगरावर अम्मीचं विचारणारं दुसरं होतं तरी कोण?