मास्टर अंबादासची मिशी

अंबादासने सकाळी मिशी काढली आणि दुपारपर्यंत निम्म्या कोल्हापुरात त्याचा बाप वारला.

खरं तर दत्तोपंत घरी धडधाकट बसून दडपे पोहे खात होते. पण बाप जिवंत असताना कुणी मिशी काढतं का? पहिल्याच ओळखीच्याने सायकल थांबवली. "थोरलं कवा गेलं वो?" 'कुणी गेलेलं नाही' हे सांगून सांगून अंबादासच्या नाकी नऊ आले. शेजारच्या बयाबाई तर दुखवट्याचा पिठलं-भात घेऊन आल्या. दार दत्तोपंतांनीच उघडलं. "अगं आई गं!" म्हणत बयाबाई ताट टाकून पळाल्या.

हे सगळं कशासाठी, तर एका पतंगासाठी. बाराव्या वर्षी 'मास्टर अंबादास'ने पतंगाचं एक गाणं म्हटलं होतं. त्याची तबकडी गावोगावच्या लग्नांत कर्ण्यावर वाजली. पुढे आवाज फुटला, मिशी आली, कारकुनी मिळाली, सत्तावीस वर्षं झाली. लोकांच्या लेखी मात्र हा घोडा अजून बाराचाच! त्याने स्वतःच्या जाड आवाजासाठी एक गाणं रचलं होतं. तीन वर्षं ते ऐकून घ्यायला कुणाला सवड नव्हती.

शेवटी गणपती मंडळाचा अध्यक्ष जोतीराम कबूल झाला. "आधी पतंग म्हणा, मग तुमचं काय ते म्हणा की. खरं अर्धी चड्डी आन् गोंड्याची टोपी पायजे. मिशी न्हाय चालायची. पब्लिक वळखंल कसं?"

निदान मिशीला तरी बाबा नको म्हणतील, असं अंबादासला वाटलं होतं. दत्तोपंत म्हणाले, "काढ की. मला काय होतंय?" आणि सत्तावीस वर्षं डांबराच्या गोळ्या घालून जपलेली टोपी त्यांनी ट्रंकेतून काढली.

संध्याकाळी मांडवात पतंग तीनदा उडाला. वरच्या पट्टीत अंबादासची कानशिलं ठणकली. त्याच्या केसाळ पायांकडे बघून बायका पदराआड हसत होत्या. मग त्याने टोपी काढली, पेटीवाल्याला खालची पट्टी सांगितली आणि आपलं गाणं धरलं. पोटातून, न ताणता. किती बरं वाटलं त्याला!

दुसरी ओळ संपायच्या आत पुढच्या रांगेतून आरोळी आली, "पतंग!"

आवाज ओळखीचा होता. दत्तोपंत उभे राहून आनंदाने हात हलवत होते. मग सगळा मांडवच पतंग, पतंग ओरडायला लागला. अंबादासने गाणं तिथंच सोडलं आणि अर्ध्या चड्डीतच तडक घर गाठलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी जोतीराम हजर. "परवा आमच्या पावण्यांच्या मंडळात पतंग पायजे."

"जमायचं न्हाय," अंबादास दारातूनच म्हणाला. "घरात सुतक हाय. दहा दिवस."

जोतीरामने आत डोकावलं. दत्तोपंत चहा पीत होते. "खरं, थोरलं तर हे बसल्यात की!"

"त्ये न्हवं. मास्टर अंबादास गेला. मिशी बघा की माझी."

जोतीराम हसायला लागला, पण घरात दुसरं कुणी हसलं नाही. दत्तोपंतांनी कपबशी खाली ठेवली. पोराच्या उघड्या ओठाकडे त्यांनी आत्ता कुठे नीट बघितलं. मग ते उठले, खुंटीवरची गोंड्याची टोपी काढली आणि जोतीरामच्या हातात दिली.

"ही घेऊन जा," ते म्हणाले. "आता घरात नको."