पात्रतेची अट

"आई, सात मेल गेलेत. आठवा गेला की लोक स्पॅममध्ये टाकतील," सृष्टी म्हणाली.

"टाकू देत. स्मरणपत्राला उत्तर आलं नाही की दुसरं स्मरणपत्र. मी चौतीस वर्षं हेच केलंय. त्यानं मंत्रालयं हलायची, ही तर साधी माणसं आहेत," अलकनंदाबाईंनी चष्मा नाकावर चढवत सुनेला सुनावलं.

केंद्र सरकारच्या नोकरीतून निवृत्त झाल्यावर बाई नोएडाच्या फ्लॅटमध्ये स्वस्थ बसतील असं ज्यांना वाटलं, त्यांनी बाईंना ओळखलंच नव्हतं. दिल्लीत वाढलेल्या मराठी मुलांना साधं उलथनं मागता येत नाही, म्हणून त्यांनी ऑनलाइन मराठीचा वर्ग काढला. संक्रांतीला मराठी माणसं जिथे जमतात त्या पानिपतच्या लढाईच्या स्मारकाशी, काला अंबला, वही घेऊन बसल्या, पहाडगंजच्या मराठी शाळेच्या फाटकाशी उभ्या राहिल्या आणि एकशे चाळीस जणांचे ईमेल पत्ते गोळा केले. नोंदणी मात्र अकराच जणांनी केली. रविवारपर्यंत पंधरा झाले नाहीत तर वर्ग रद्द, असं सासू-सुनेचं ठरलं होतं. आज शुक्रवार होता. बाई वरून कितीही ताठ असल्या, तरी वर्ग बुडाला तर आपण आता खरोखरच बिनकामाच्या झालो, ही धास्ती त्यांना होतीच.

सृष्टीने स्क्रीन त्यांच्याकडे वळवली. "हे बघा. कोणी हरीश, पानिपत. प्रत्येक मेल वीस-वीस वेळा ओपन केलाय आणि नोंदणी नाही. मला तर बिल्कुल मशीन वाटतंय."

"मशीन कशाला? पत्र पुन्हा पुन्हा काढून वाचतो तो माणूसच असतो," बाई म्हणाल्या आणि त्यांनी त्याला स्वतंत्र मेल लिहायला घेतला. 'शेवटची संधी' वगैरे लाल अक्षरं त्यात नव्हती. 'आपण नाव नोंदवलेले नाही. काही अडचण असल्यास निःसंकोच कळवावे.' खाली पूर्ण नाव.

तासाभरात हिंदीत उत्तर आलं. हरीशचं पानिपतला कांबळी-चादरींचं दुकान होतं. लढाईनंतर इथेच राहून गेलेल्या मराठ्यांपैकी आपण, असं त्याच्या घरात पिढ्यान्‌पिढ्या सांगत आले होते. पुढे लिहिलं होतं, 'आपकी चिट्ठी माताजी को रोज़ पढ़कर सुनाता हूँ. पूरा न मैं समझता हूँ, न वे. कहती हैं, अपनी बोली है, पढ़ता रह. फॉर्म में पूछा था, घर में मराठी कौन बोलता है. मैंने सच लिखा, कोई नहीं. फिर फॉर्म आगे नहीं गया.'

बाईंनी ते दोनदा वाचलं. "सृष्टी, ही अट कुणी घातली गं?"

"तुम्हीच. पात्रता हवीच म्हणालात. सरावाला घरात बोलणारं कुणी नसेल तर प्रवेश नाही."

बाईंचा चेहरा उतरला. अटीशिवाय फॉर्म करायची त्यांच्या हाताला सवयच नव्हती. "असे किती जण अडलेत?"

सृष्टीने पाहिलं. "तेवीस."

"अट काढ. मी तेवीस वेगवेगळे मेल लिहिते, हिंदीतून. पहिल्याच ओळीत लिहायचं, चूक आमची होती."

चौतीस वर्षांत असं वाक्य त्यांच्या सहीनिशी कधी गेलं नव्हतं. त्या दिवशी ते तेवीस वेळा गेलं आणि एकदाही त्यांचा हात अडखळला नाही.

रविवारी आकडा एकोणीसवर गेला. मंगळवारी संध्याकाळी इस्त्रीची साडी नेसून बाई लॅपटॉपसमोर बसल्या. पहिला धडा होता, 'तुमचं नाव काय?' एकेकाने उत्तर दिलं. हरीशची पाळी आली तेव्हा त्याच्या मागे चादरींची थप्पी दिसत होती आणि शेजारी त्याची आई बसलेली होती.

"माझं... नाव... हरीश."

"शाब्बास," म्हणून बाई पुढे सरकणार, तेवढ्यात म्हातारीने मुलाची बाही ओढली आणि फोन आपल्याकडे वळवायला लावला. डोक्यावरचा पदर नीट केला आणि ती वाट पाहत राहिली.

"तुमचं नाव काय?" बाईंनी अगदी सावकाश विचारलं.

"माझं नाव द्वारका," म्हातारी म्हणाली. कुठेही न अडखळता.

अलकनंदाबाईंनी हजेरीत विसावं नाव लिहिलं.