साफ केलेली जवारी

सुबोधने गिटारचे स्पीकर घ्यायचे ठरवले तेव्हा घरात गिटार नव्हती, गिटार वाजवणारं कुणी नव्हतं, आणि पुढे कुणी वाजवेल अशी चिन्हंही नव्हती. पण नेदरलँड्समधल्या नायमेखनच्या चिप कंपनीत चौदा वर्षं काढलेल्या माणसाला विकतची म्युझिक सिस्टिम चालत नाही. ती त्याला स्वतः बनवायची असते, आणि तीही अशी, की जिला खोकाच नाही. एक उभी फळी, फळीला भोक, भोकात बारा इंची स्पीकर, मागची बाजू उघडी. याला ओपन बॅफल म्हणतात. त्याच्या बायकोला, जयंतीला, चित्र पाहून पाठ नसलेलं कपाट आठवलं, आणि तिने तसं बोलूनही दाखवलं.

"खोका नाही म्हणून तर आवाज मोकळा," सुबोध म्हणाला. "आणि गिटारचे ड्रायव्हर याला बेस्ट. पडद्याचा कागद हलका, थोड्याशा पॉवरमध्ये घर दणाणतं. तू बघच."

"ऐकेन," जयंती म्हणाली.

मग अकरा ड्रायव्हरांची, म्हणजे सुट्या स्पीकरांची, एक्सेल शीट झाली. कागदाचं वजन, चुंबकाची जात, कुठल्या पट्टीत आवाज उसळतो, कुठे पडतो, सगळं रकान्यांत. लग्नाच्या वेळी सासूबाईंनी मुलींची अशीच यादी केली होती म्हणे, आणि त्या यादीत जयंती चौथी होती. शेवटी आर्नहेमच्या एका म्हाताऱ्या वादकाकडची जुनी जोडी पसंत पडली, कारण आकडे जुळले. पत्रिका तेवढी पाहायची राहिली.

जोडी घरी आली तेव्हा जयंतीने एकेक स्पीकर मांडीवर घेतला आणि कागदावर बोटाच्या पेराने हलक्या टिचक्या मारल्या. ती मिरजेची. तिच्या बाबांनी जन्मभर तंबोरे बनवले. भोपळा निवडताना ते असेच टिचक्या मारत आणि सहा वर्षांच्या जयंतीला विचारत, कुठला घेऊ. तिने दाखवलेला भोपळा ते खरंच घेत. इथे डिपेंडंट व्हिसावर येऊन तिला नऊ वर्षं झाली होती. डच शिकून ती श्रवणयंत्रांच्या दुकानात कामाला लागली होती, आणि नव्वदीचे डच आजोबा दिवसभर तिचं मुकाट ऐकत. तिचं ऐकायचं नाही असा नियम फक्त घरात होता.

"सुबोध, ही जोडी नव्हे," ती म्हणाली. "उजव्याचा कागद नंतर बदललाय कुणीतरी. सख्खे नाहीत हे."

"अगं, दोन्हींवर एकच मॉडेल नंबर आहे. एकच वर्ष. हे बघ लेबल."

"लेबल लोखंडावर आहे. वाजतो कागद."

सुबोध हसला. वाईट हसला नाही, बायकोने काहीतरी गोड बोलल्यासारखा हसला. जयंतीला त्यापेक्षा तो खेकसला असता तरी चाललं असतं.

ऑक्टोबरात फळ्या उभ्या राहिल्या. सुबोधने तिला सोफ्याच्या बरोबर मध्यावर बसवलं आणि एक गाणं लावलं. जयंतीने अर्धा मिनिट ऐकलं आणि तिला चक्कर आल्यासारखं झालं. बाईचा आवाज समोर नव्हता, बाजूला नव्हता, कुठेच नव्हता. खालचा सूर तर कुणी पुसून घेतल्यासारखा गेला होता.

"एक श्वास घेतोय तेव्हा दुसरा सोडतोय," ती म्हणाली. "एक उलटा लागलाय. तारा बदलून बघ ना."

"लाल लालला, काळी काळीला. मी स्वतः चेक केलंय, दोनदा."

"मग त्याच्या पोटातच उलटं असेल. कागद बदलताना झालं असेल."

"जयंती, फेज म्हणजे काय माहितीये का तुला? मी एकेक स्पीकर माइक लावून मेजर केलाय. ग्राफ बघ, एकावर एक बसतात. बेस जातोय तो फळी लहान आहे म्हणून. मागचा आवाज पुढे येऊन पुढच्याला मारतो. ओपन बॅफलमध्ये होतंच ते."

एकेकट्याचा आलेख सुंदर होता, यात खोटं काहीच नव्हतं. दोघांना एकत्र वाजवून मोजावं हे त्याच्या डोक्यात आलं नाही, आणि जिच्या कानात आलं होतं तिला तो फेजचा अर्थ विचारत होता. जयंती उठून पोळ्या लाटायला गेली. तिने तेव्हा भांडायला हवं होतं. पण कामावरून दमून आलेल्या बाईला तारेवरून नवऱ्याशी भांडायचा कंटाळा येतो, आणि असे कंटाळे पुढे महाग पडतात.

नोव्हेंबरात फळ्या रुंद झाल्या. बैठकीची खोली सुताराच्या दुकानासारखी दिसायला लागली आणि आवाज होता तसाच राहिला. तेवढ्यात बाबांचा वाढदिवस आला.

बाबा जाऊन दीड वर्ष झालं होतं. जायच्या चार महिने आधी त्यांनी स्वतःच्या फोनवर एक रेकॉर्डिंग करून ठेवलं होतं, जयंतीसाठी, एक्केचाळीस मिनिटांचं. तंबोऱ्याची जवारी कशी लावायची ते त्यात ते तिला सांगत होते. जवारी म्हणजे घोडीवर, तारा टेकतात त्या पट्टीवर, तारेखाली सुताचा दोरा सरकवत नेमकी अशी जागा शोधायची, की तार नुसती वाजून थांबत नाही, ती झणझणत, भुंग्यासारखी गुणगुणत राहते आणि तिच्यातून सगळे सूर उलगडतात. मुलीला हे हातात हात धरून शिकवायचं त्यांचं राहून गेलं होतं. तेराव्यानंतर जयंती तो फोन घेऊन आली. ते रेकॉर्डिंग तिने आजवर दोनदाच ऐकलं होतं, इयरफोन लावून. तिसऱ्यांदा ते मोठ्या आवाजात, खोलीभर ऐकायचं तिच्या मनात होतं. तेवढ्यासाठी ती त्या फळ्या सहन करत होती.

सुबोधने फोन जोडला. बाबांचा आवाज आला तो विहिरीच्या तळातून आल्यासारखा, पातळ आणि पोकळ. तंबोरा तर नुसता रॉकेलच्या डब्यावर मारल्यासारखा वाजला. जयंतीने दोन मिनिटांत बंद करायला सांगितलं.

"रेकॉर्डिंगच खराब आहे गं," सुबोध म्हणाला. "साधा फोन, मोनो, त्यात ती भणभण केवढी आहे मागे."

"ती भणभण नाही. ती जवारी आहे."

"हो, तेच ते. मी बघतो काय करता येतं."

जयंतीला वाटलं, ऐकलं याने. मराठीत एकच शब्द असल्याने हा घोटाळा होतो. कानावर पडलं तरी ऐकलं, आणि मानलं तरी ऐकलं. सुबोध पहिल्यातला. त्याच्या कानावर फक्त 'बघतो' हा त्याचा स्वतःचा शब्द पडला होता.

जानेवारीत घर आवरणं निघालं. सुबोधने अडगळीची यादी करून दिली. जुने चार्जर, जळालेला अॅम्प्लिफायर, सासऱ्यांचा फोन. फोनची बॅटरी फुगून मागचं झाकण उचललं गेलं होतं.

"अशी बॅटरी घरात ठेवायची नसते, आग लागते," तो म्हणाला. "आतलं सगळं मी कॉपी केलंय. बॅकअपपण आहे."

"नक्की ना?"

"अगं, हेच काम करतो मी दिवसभर."

म्हणून जयंतीने स्वतः, आपल्या सायकलच्या पिशवीत घालून, तो फोन मिलियूस्ट्राटला नेला. गेमेंटेची, म्हणजे नगरपालिकेची, ती जागा, जिथे मोडकी यंत्रं वर्गवारीने टाकतात. डब्यात टाकायच्या आधी तिने फोन एकदा ओढणीने पुसला. तिथल्या माणसाने तिला धन्यवाद दिले.

मार्चच्या एका रविवारी आइंडहोवनहून श्रीनिवास आला. सुबोधचा कॉलेजचा मित्र, त्याच वेडातला, घरी स्पीकरच्या तीन जोड्या बाळगून असलेला. पोहे खाऊन झाल्यावर सुबोधने मोठ्या अपेक्षेने गाणं लावलं. श्रीनिवासने पाच सेकंद ऐकलं आणि बशी खाली ठेवली.

"एक उलटा आहे रे."

"लाल लालला आहे," सुबोध म्हणाला, पण आवाजात जोर नव्हता.

"असेल. आत कॉइल उलटी असेल. कागद बदललेला दिसतोय एकाचा. नऊ व्होल्टची बॅटरी आण."

बॅटरी टेकवली तेव्हा डावा कागद पुढे आला. तीच बॅटरी तशीच उजव्याला टेकवली, तर कागद आत गेला. साध्या डोळ्यांना दिसत होतं, एक येतोय, दुसरा जातोय. सुबोध आनंदाने ओरडलाच.

"कमाल कान आहेत राव तुझे! सहा महिने मी फळ्या कापतोय!"

"मी ऑक्टोबरात सांगितलं होतं," जयंती म्हणाली.

"अगं, तू सांगितलंस, पण तू असं टेक्निकली नाही सांगितलंस ना."

जयंतीच्या तळपायाची आग मस्तकात गेली. तेच वाक्य होतं, शब्दाला शब्द, फक्त पाहुण्याच्या तोंडून आलं होतं. पिकतं तिथे विकत नाही म्हणतात ते काय उगीच. श्रीनिवास चपापून कपातला उरलेला चहा पिऊ लागला. त्याला बायको होती, त्याला कळलं असावं.

सुबोधने उजव्याच्या तारा बदलल्या. दोन मिनिटांचं काम. गाणं पुन्हा सुरू झालं आणि बाई थेट दोन फळ्यांच्या मध्ये येऊन उभी राहिली. खालचा सूर जमिनीतून पायांत चढला. जयंती रागात होती तरी तिला ते कबूल करावं लागलं, फार सुंदर वाजत होतं. असल्या आवाजात बाबा ऐकायला मिळणार होते, आणि त्यापुढे तिने तो राग तेवढ्यापुरता गिळला.

"बाबांचं लाव," ती म्हणाली.

"लावतो! मी तुझ्या वाढदिवसालाच देणार होतो, पण आजच ऐक." सुबोधचा चेहरा लहान मुलासारखा उजळला होता. "ख्रिसमसच्या सुट्टीत चार दिवस बसलो होतो यावर. सरप्राइज."

बाबा खोलीत आले. दुसरा शब्द नाही. कॉफीच्या टेबलाच्या पलीकडे, जमिनीवर मांडी घालून बसल्यासारखा त्यांचा आवाज तिथून आला, घशातल्या खरखरीसकट. "जयू, हे बघ, अजून दोरा घातलेला नाही. ऐक." तार वाजली, ठण्, आणि थांबली. जयंतीच्या डोळ्यांतून पाणी यायला लागलं आणि तिने ते येऊ दिलं.

"आता दोरा घालतो. थांब हं. जरा पुढे. अजून थोडा. हां, इथे. आता ऐक."

तार वाजली. ठण्, आणि थांबली.

जयंती ताठ बसली. या जागेनंतर काय येतं ते तिला पाठ होतं. इथे तंबोरा फुलायचा आणि बाबा काही न बोलता मिनिटभर तो वाजवत राहायचे. आता त्या मिनिटात ठण्, ठण् होतं, आणि मधे अशी स्वच्छ शांतता, की सुबोधची खुर्ची करकरली तेही ऐकू आलं.

"भणभण पूर्ण गेली की नाही?" सुबोध म्हणाला. "प्रोग्रॅमला फक्त तिचा एक तुकडा नमुना म्हणून दिला, त्याने एक्केचाळीस मिनिटांतून तेवढीच उचलून काढली. आवाजाला धक्का नाही."

श्रीनिवास मिरजेचा नव्हता, पण त्याची आजी गायची. तो हळूच म्हणाला, "सुबोध, ओरिजिनल ठेवलंयस ना?"

"त्याच नावाने सेव्ह केलं."

"बॅकअप?"

"तो रोज नवीन फाइल जुनीवर टाकतो." सुबोध थांबला. मग जयंतीकडे वळला. "फोनमध्ये असेल. फोन कुठे आहे?"

फोन कुठे आहे ते त्याने स्वतःच्या हाताने यादीत लिहिलं होतं, आणि तिने स्वतःच्या हाताने नेऊन टाकला होता. तिला नवऱ्याचा तिरस्कार वाटला, आणि त्याहून जास्त स्वतःचा, कारण 'नक्की ना' असं विचारून ती गप्प बसली होती.

सुबोधचा चेहरा उतरत गेला. स्पीकरमधून बाबा आपले बोलत होते, समाधानाने, काम जमलेल्या माणसाच्या सुरात.

"ही जवारी, जयू. भोपळा लोक देतील, लाकूड देतील, तारा तर कुठेही मिळतात. ही मात्र कुणी देत नाही, कानाने शोधावी लागते." ठण्. ठण्. "ऐकू येतेय ना?"

"नाही, बाबा," जयंती मोठ्याने म्हणाली.

आणि सुबोधने घाईघाईने टेबलावरची नऊ व्होल्टची बॅटरी उचलली. "थांब," तो म्हणाला, "तारा पुन्हा एकदा बघतो."