थोरल्याला एक खोली द्यावी

माझी सासू म्हणायची, जगदेवीच्या जिभेला हाड न्हाय. नसू दे. त्या चार महिन्यांत सगळ्या बोळात डोकं ठिकाणावर असलेली मी एकटीच होते, आन माझंच कुणी ऐकलं न्हाय. हे मी आजबी मोठ्यानं सांगते, ज्याला राग यायचा त्याला येऊ दे.

शहात्तर सालची गोष्ट. बाळीवेशीच्या मागच्या बोळात आमचं घर. दोन खोल्या, पुढं कट्टा, मागं न्हाणी आन शेवग्याचं एक झाड. सासऱ्यांनी बांधलेलं. सासरे गेले तवा आमच्या मालकांची, ईरप्पांची, नुकती सातवी झालेली. त्यांनी दप्तर खुंटीला लावलं आन गिरणीत मागावर उभे राहिले, धाकट्या भावाला शिकवायचं म्हणून. धाकटा म्हणजे पंचाक्षरी. तो शिकला, पुण्याला कारखान्यात सुपरवायझर झाला, पुण्याच्या पाण्यानं त्याच्या 'हाय'चं 'आहे' झालं. झालं तर झालं, मला त्याचं काय. सासू गंगम्मा, दोघा भावांची अव्वा, आमच्याजवळ. घर दोघा भावांच्या नावावर.

सोलापुरात तवा टीव्ही कुटं होता? पुण्यात होता. पंचाक्षरीच्या घरमालकाकडं होता, आन त्याच्यावर दर पंधरा दिवसाला दोन भावांच्या नाटकाचा एक भाग लागायचा. संक्रांतीला गड्ड्याची जत्रा झाली, पंचाक्षरी सोलापूरला आला, आन रविवारी सकाळी कट्ट्यावर चहा पिता पिता त्यानं पहिला भाग सांगितला. थोरला माधव, धाकटा अरविंद. बाप मरतो, थोरला शाळा सोडतो, धाकट्याला शिकवतो.

सांगायचा मात्र अगदी डोळ्यापुढं उभं करून. नाटकात दार वाजलं की हा बोटांनी कट्टा वाजवायचा. माधव खोकला की हाबी खोकायचा. आमच्या मालकांना मागाच्या खडखडाटानं ऐकू कमी यायचं, म्हणून ते त्याच्या गुडघ्याला गुडघा लावून बसायचे आन तोंडाकडं बघत ऐकायचे. दुसऱ्या खेपेला शेजारची अक्कम्मा शेंगा फोडायच्या घेऊन येऊन बसली. तिसऱ्या खेपेला किराणावाले वीरभद्रप्पा दुकान बायकोवर सोपवून आले. पुढं पुढं कट्टा पुरेना, लोक बोळात पाट टाकून बसायला लागले.

मग सुरू झाली भांडणं. भाग सांगून पंचाक्षरी दुपारच्या गाडीनं जायचा आन हितं पंधरा दिवस बोळ पेटलेला. नाटकात व्हायचं काय, की काम सगळं थोरल्याला आन सुख सगळं धाकट्याला. धाकट्याला बंगला, धाकट्याला फटफटी, धाकट्याला डॉक्टरची पोरगी. थोरल्याला काय, तर दर भागाच्या शेवटी कुणीतरी येऊन म्हणायचं, "माधवराव, तुम्ही देवमाणूस."

"हा न्याय न्हाय," मी म्हणायची. "लिहिणाऱ्याला थोरल्याचं काय वाकडं हाय? एकदा तरी त्याच्या ताटात गोड पडू दे की!"

"तुला कळत न्हाय गं," अक्कम्मा म्हणायची. "मान कुणाला हाय? थोरल्याला. धाकट्याकडं कोण बघतंय?"

"मान घालून आमटी करायची का?"

"बघा, बघा हिचं तोंड!"

वीरभद्रप्पा मधे पडायचे. त्यांचं म्हणणं, नाटकाचा खरा हिरो थोरलाच, कारण जो देतो तो मोठा. असं म्हणून ते आमच्या मालकांकडं बघायचे. सगळेच बघायचे. कारण न सांगताबी सगळ्यांना दिसत होतं की तो माधव म्हणजे आमचे ईरप्पा. शाळा सोडलेला, धाकट्याला शिकवलेला. हळूहळू पोरंसोरं त्यांना माधवराव म्हणायला लागली. ते गिरणीतून पाळी संपवून येताना लोक उठून उभे राहायला लागले. आन आमचे मालक, जे अठरा वर्षं मान खाली घालून त्या बोळातून गेले, ते मान वर करून यायला लागले. इस्त्रीचा शर्ट घालायला लागले हो, रविवारचा! मला बरंच वाटायचं. मी खोटं कशाला बोलू.

फक्त एक गोष्ट माझ्या डोक्यात बसत नव्हती. दर खेपेला मी पंचाक्षरीला विचारायची, "भावजी, त्या माधवाला बायको हाय न्हवं? ती काय म्हणाली?"

"ती काही म्हणत नाही वहिनी. ती पदर डोळ्याला लावते."

"नुसता पदर?"

"नुसता पदर."

"मुकी हाय का?"

सगळे हसायचे. पंचाक्षरीबी हसायचा आन पुढं सांगायला लागायचा.

पाचव्या भागात त्या अरविंदानं बंगला बांधला आन थोरला बापाच्या जुन्या घराच्या पडवीतच. तवा माझं टाळकं सटकलं. मी म्हटलं, आपण टीव्हीवाल्यांना पत्र लिहू. वीरभद्रप्पांनाबी ते पटलं, थोरला त्यांचा हिरो होता न्हवं! दुकानातला कागद आणला, चांगल्या वळणदार अक्षरात लिहिलं: "सदर नाटकात थोरल्या बंधूवर अन्याय होत आहे. तरी त्यास निदान एक खोली द्यावी, ही नम्र विनंती. आपले, बाळीवेस येथील समस्त रहिवासी." बावीस सह्या आन सात अंगठे. पहिली सही आमच्या मालकांची, सातवीच्या वळणाची, मोठी मोठी. सासूचा अंगठा मी धरून लावला. पंचाक्षरी म्हणाला, पोस्टाचं काय खरं नसतं, मी स्वतः टीव्हीच्या केंद्रात नेऊन देतो.

पुढच्या खेपेला त्यानं सांगितलं, पत्र पोचलं. केंद्रातले साहेब खूश झाले. त्यांनी माधवाचा भर चौकात सत्कार घातला, शाल आन नारळ देऊन. बोळात टाळ्या वाजल्या. अक्कम्मानं साखर वाटली.

"आन खोली?" मी विचारलं.

"खोलीचं पुढच्या भागात," पंचाक्षरी म्हणाला.

पुढचा भाग वैशाखात आला, शेवटचा म्हणून. त्या रविवारी पंचाक्षरीनं असं सांगितलं, असं सांगितलं, की बोळात कुणाचा श्वास ऐकू येईना. अरविंदाची नोकरी अडचणीत येते, बंगला कर्जात जातो. त्याला शहरात घर घ्यायचं असतं, न्हायतर सासरी नाचक्की. बोलायची लाज वाटते. थोरला न बोलता ओळखतो. बापाच्या घरातला आपला वाटा धाकट्याच्या नावावर करतो आन उंबऱ्याला हात लावून निघतो. सगळं गाव वाटंत उभं. देवमाणूस चालला म्हणून रडतं.

"आन बायको?" माझा आवाज मलाच कसातरी लागला.

"पदर डोळ्याला लावते."

वीरभद्रप्पा धोतराच्या सोग्यानं डोळे पुसत होते. अक्कम्मा हुंदके देत होती. मग पंचाक्षरीनं खाली बघत पिशवीतनं कागद काढले. हक्कसोडपत्र. म्हणाला, पुण्यात ब्लॉक बघितलाय, अण्णा. हे घर विकलं तर होईल. अव्वाला आन तुम्हाला तिथं खोली ठेवीन. पण तुमच्या मनाविरुद्ध नको.

मी ओरडले. होय, भर बोळात ओरडले. "सही करायची न्हाय! हे नाटक न्हाय, माझं घर हाय!" तर सगळी माणसं माझ्याकडं अशी बघायला लागली, जशी काय मी भलत्याच नाटकातनं हितं घुसलेय. मालकांनी माझ्याकडं बघितलंच न्हाय. त्यांनी बोळाकडं बघितलं. बोळ त्यांच्याकडं बघत होता. त्यांनी पेन घेतलं. साक्षीदार म्हणून वीरभद्रप्पांनी सही केली, दुसऱ्या दिवशी कचेरीत जाऊन सगळं पक्कं झालं. संमतीला सासूचा अंगठा या वेळी पंचाक्षरीनं धरून लावला. घर एका आडत्यानं घेतलं, दसऱ्याच्या आत सोडा म्हणाला.

आषाढात पंचाक्षरीच्या ब्लॉकची वास्तुशांत निघाली. मालकांना रजा न्हाय. मी आदल्या दिवशी सामान बांधायला गेले. ब्लॉक बघितला. दोन खोल्या, एक त्यांची, एक 'हॉल'. मी म्हटलं, आमची कुठली? पंचाक्षरीची बायको म्हणाली, "बघू ना वहिनी, पुढे गॅलरी बंद करून घेऊ." शुभकार्यात भांडण नको म्हणून मी जीभ चावली. उद्या त्यांच्या दारात वास्तुपुरुष यायचा होता.

सांजेला पंचाक्षरीच्या भाड्याच्या जुन्या जागेत मी भांडी गुंडाळत बसलेले, तर घरमालकीण बाईंनी हाक मारली. "या ना, टीव्ही बघा. तुम्हाला सोलापूरला नाही ना? आज ते दोन भावांचं नाटक आहे."

मी म्हटलं, "ते संपलं की."

"छे हो! अजून चार भाग तरी आहेत."

मी जाऊन सतरंजीवर बसले. टीव्हीच्या डब्यात अरविंद दिसला, फटफटीवर, पोरगी मागं बसवून गाणं म्हणत. घरात आला. भिंतीवर एक फोटो होता, त्याला हार घातलेला. त्यानं फोटोकडं न बघताच चपला काढल्या.

"हा फोटो कुणाचा हो?" मी विचारलं.

"त्याचा थोरला भाऊ. माधव का काहीतरी. तो दुसऱ्याच भागात गेला. दोन वाक्यं होती बिचाऱ्याला."

चार महिने आमी ज्याच्यासाठी एकमेकांच्या झिंज्या धरायच्या बाकी ठेवल्या, तो भिंतीवर हार घालून टांगला होता. मी विचारलं, त्याची बायको? बाई म्हणाल्या, बायको दाखवलीच नाही.

सकाळी स्वयंपाकाच्या फळीवरचे डबे उतरवले. मीठ-मिरचीच्या डब्यांखाली कागद अंथरलेला. पालथा होता. तेलाचा गोल डाग पडलेला. सुलटा केला तर आमच्या मालकांची सही, मोठी मोठी. खाली सासूचा अंगठा. "निदान एक खोली द्यावी."

मी कागद तसाच पंचाक्षरीपुढं धरला. तो दाढी करत होता. आरशातनं बघितलं, वस्तरा खाली ठेवला.

"वहिनी, मी अण्णांचं वाईट काय केलं? त्या नाटकात थोरल्याला कुणी विचारत नव्हतं. मी त्याला मोठं केलं. लोक अण्णांना काय मान द्यायला लागले, बघितलं ना तुम्ही?"

"मुडद्या," मी म्हणाले, "त्या मानात आता आमी राहायला जाऊ का?"

वास्तुशांतीचं जेवण मी जेवले न्हाय. सोलापूरची गाडी धरली.

घरी येऊन बोळात सगळ्यांना सांगितलं. कागद दाखवला. मला वाटलं, आग लागेल. वीरभद्रप्पांनी कागद हातात घेतला, आपलंच अक्षर बघून म्हणाले, "वळण बरं आलंय." मग घसा खाकरून म्हणाले, त्या हक्कसोडपत्रावर सही काय आपण एकट्यानं केली न्हाय. अक्कम्मा मात्र खरंच चिडली, पण कुणावर? "मेल्या टीव्हीवाल्यांनी आमच्या माधवाला दुसऱ्याच भागात मारलं? काय नाटक करतात का काय! त्याच्यापेक्षा पंचाक्षरीचं बरं."

मालक मागच्या दारी शेवग्याखाली बसलेले. मी त्यांच्या कानाशी जाऊन सगळं सांगितलं. दोनदा सांगितलं. त्यांनी ऐकलं, मी त्यांच्या तोंडाकडं बघत होते, नीट ऐकलं.

"दोन वाक्यं?" ते म्हणाले.

"व्हय. दोन."

खाली पडलेली एक वाळकी शेंग उचलून मोडली. मग म्हणाले, "अठरा वर्षं मागावर हाय मी. जॉबरला, आमच्या मुकादमाला, माझं नाव यायचं न्हाय, नंबरानं हाक मारायचा. पंचाक्षरीनं निदान चार महिने मला नाटकात ठेवलं."

"आन मला?" मी म्हटलं. "मला कुटं ठेवलं त्यानं?"

त्यांना ते ऐकू गेलं न्हाय. का गेलं, ते त्यांनाच ठाऊक.

दसऱ्याच्या आधी आठ दिवस आमी निघालो. स्टेशनपलीकडं एक खोली बघितलेली, तिला कट्टा न्हाय. हातगाडीवर सामान चढलं, वर सासूला बसवलं. बघते तर सगळा बोळ वाटंत उभा. वीरभद्रप्पा पुढं आले आन त्यांनी पिशवीतनं शाल काढली. नारळ काढला. मालकांच्या खांद्यावर शाल घातली. "ईरप्पा, तुमी देवमाणूस," ते म्हणाले, आन त्यांचा आवाज खरंच भरून आला.

मालकांनी हात जोडले. सावकाश वळले, वाकले, उंबऱ्याला हात लावला, जसा पंचाक्षरीनं सांगितला होता अगदी तसा. बायका रडायला लागल्या.

मला म्हणायचं होतं, लाज वाटू द्या, त्या कागदावर साक्षीला तुमीच होता. तोंड उघडलं. पण संतापानं शब्दच फुटेना, डोळे घळघळा वाहायला लागले, आन या मेल्यांना ते दिसू नयेत म्हणून मी पदर डोळ्याला लावला.

"अगं बया," शेजारी अक्कम्मा हुंदका देत म्हणाली, "अगदी तसंच! नाटकातल्यासारखं!"