वेताळाचे डोळे

केशवभाऊचं कार्ड माहेराहून, सावनेरहून आलं, तेव्हा शामला नंदनवन कॉलनीतल्या आपल्या घरी खिडकीला लावलेल्या खसच्या ताटीवर पाणी मारत होती. कार्डात चारच ओळी. काचबिंदू निघाला, नजर हळूहळू जाणार असं डॉक्टर म्हणतात. ‘माह्या वेताळाले आता तरी डोये दे वं. दिसून राहिलं तोवर एक डाव खेळून घेऊ. रविवारी येतो.’

वेताळ म्हणजे बोटाच्या पेराएवढी मातीची सोंगटी. लहानपणी या भावाबहिणीनं पाताळातल्या लढाईचा एक खेळच रचला होता. खडूनं घरं आखलेला पाट, फाशांच्या जागी फोडलेले पाच चिंचोके, जितके पांढरे पडतील तितकी घरं, आणि समोरासमोर दोन फौजा: यक्ष, हडळी, पंखांचे घोडे, सात फण्यांचा नाग. सोंगट्या भाऊ वळायचा, रंगवायची शामला. नियम दोघांचे, आणि त्यातला एक अगदी पक्का: डोळे काढल्याशिवाय सोंगटी घर सोडत नाही.

आता केशवभाऊ पडला लबाड. चार पडले की पाच घरं चालायचा आणि वर देवाची शपथ घ्यायचा. एके दिवशी शामलानं डूक धरला. त्याचा सेनापती वेताळ तिनं दातांसकट रंगवला, पण डोळे काही काढले नाहीत. बस म्हणावं आंधळा. मग तिचं लग्न झालं, फौज कापसात गुंडाळून मिठाईच्या डब्यातून सासरी आली आणि तो डबा तीस वर्षं माळ्यावर राहिला.

तो तिनं त्या दुपारी उतरवला. खसच्या वासानं खोली भरली होती आणि ताटीतून येणारा उजेड तळ्याच्या तळाशी असावा तसा हिरवट होता. घोड्याच्या पंखाचा निळा उडाला होता, तो तिनं पुन्हा भरला. नागाच्या फण्यांना पिवळा दिला. रंग वाळेपर्यंत घोडा ताटीकडं तोंड करून उभा राहायचा आणि ती त्याच्या मागोमाग कुठल्या कुठं निघून जायची. पाताळातल्या नद्या, उलटी वाढणारी झाडं, भावाच्या मुठीत खुळखुळणारे चिंचोके. चार दुपारी अशा गेल्या. दूध दोनदा उतू गेलं, पण तिला त्याचं काही वाटलं नाही.

अडलं ते वेताळाच्या डोळ्यांपाशी. पहिला ठिपका गालावर गेला, दुसरा कपाळावर. पुसायचं, पुन्हा काढायचं, पुन्हा पुसायचं. तिनं आधी ब्रशला दोष दिला, मग रंगाला, मग ताटीच्या अंधाराला.

“चाळिशी लागली तुले,” तिचे यजमान चंपतराव म्हणाले. “कबूल काहून नाही करत?”

“मले लख्ख दिसते.”

लख्ख दिसत होतं, फक्त सुईत दोरा शेजारची जया ओवून देत होती. अख्ख्या सावनेरनं जिच्या हाताची तारीफ केली, तिनं नाकावर भिंगं चढवायची? नाकापेक्षा मोती जड म्हणतात, इथं चष्म्यापेक्षा नाकच जड झालं होतं.

शनिवारी मात्र तिला रडू आलं. भावानं जन्मात एकच गोष्ट मागितली आणि तीही हातून होईना. चंपतराव जवळ आले. आपला चष्मा काढून रंगाच्या वाटीजवळ ठेवला आणि चाचपडत आतल्या खोलीत गेले.

तिनं तो लावला. सतराव्या वर्षी तिनं काढलेला वेताळाचा एकेक दात वेगळा दिसायला लागला. रंगात चिकटलेला ब्रशचा एक केससुद्धा दिसला. तिनं श्वास धरून दोन ठिपके दिले, आणि वेताळ थेट तिच्याकडं बघायला लागला. तिला ओशाळल्यासारखं झालं.

रविवारी केशवभाऊ आला, तो उंबरठा पायानं चाचपत. वेताळ खिडकीशी नेऊन, मान तिरपी करून तो कितीतरी वेळ बघत राहिला.

“डावा डोया जरा तिरपा आहे वं.”

“चोराची नजर तशीच राहते.”

तो हसला आणि त्यानं धोतराच्या सोग्यानं डोळे पुसले. मग पाट मांडला आणि शामलानं चंपतरावांचा चष्मा नाकावर चढवला. चिंचोके पडले: चार पांढरे, एक काळा. भाऊनं वेताळ उचलला आणि सावकाश घरं मोजत पाचव्यावर ठेवला.

शामलानंही मनात घरं मोजली होती. पूर्वी तिनं कान धरला असता. आता हात उचलेना. याला काळा चिंचोका दिसलाच नसेल तर? देवा, चोरीच असू दे, तिनं मनात म्हटलं.

“भाऊ,” ती हळूच म्हणाली, “किती पडले?”

केशवभाऊ पाटाकडं बघत राहिला. मग त्याच्या मिशीचं एक टोक हललं.

“चारच,” तो म्हणाला. “मले वाटलं, तुले दिसत नाही.”

शामलानं पदरानं आधी चष्मा पुसला, मग डोळे.

“एक घर मागं घे,” ती म्हणाली, आणि चिंचोके गोळा करायला लागली.